तंत्रज्ञान-उन्नयन आणि डिजिटल परिवर्तन : कोल्हापूर परिसरातील उद्योगांच्या संदर्भात

प्रस्तावना

कोल्हापूर जिल्ह्याची औद्योगिक ओळख प्रामुख्याने ऊस व साखर, दूध, यंत्रमाग आणि ओतकाम या चार व्यवसायांनी घडविली आहे. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत या चारही व्यवसायांत संगणक आणि संगणकाधारित यंत्रे आली. साखर कारखान्याच्या गट कार्यालयात उसाच्या नोंदी संगणकावर गेल्या, गावच्या दूध संस्थेत इलेक्ट्रॉनिक काटा आला, इचलकरंजीच्या शेडमध्ये बिनधोट्याचे माग बसले आणि शिरोली, गोकुळ शिरगाव येथील कारखान्यांत सीएनसी यंत्रे फिरू लागली. या सर्व घडामोडींना व्यवहारात ‘आधुनिकीकरण’ हे एकच नाव दिले जाते. कर्जाचे प्रस्ताव, अनुदानाचे अर्ज आणि वार्षिक अहवाल यांतही हाच शब्द आढळतो. परंतु या एका शब्दाखाली दोन भिन्न गोष्टी झाकल्या जातात व त्यांच्यातील फरक न ओळखल्यामुळे अनेक उद्योजकांचा पैसा एका कारणासाठी खर्च होतो आणि अपेक्षा मात्र दुसऱ्याच फळाची राहते. प्रस्तुत लेखात हा फरक स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

संकल्पनांचे स्वरूप

तंत्रज्ञान-उन्नयन म्हणजे पूर्वीचेच काम, पूर्वीच्याच क्रमाने, परंतु अधिक चांगल्या साधनाने करणे होय. हाताने लिहिली जाणारी खतावणी संगणकावर गेली, जुन्या लेथच्या जागी सीएनसी लेथ आला, की वेग वाढतो, चुका कमी होतात, माल एकसारखा निघतो. हे लाभ खरे असतात आणि त्यांना कमी लेखण्याचे कारण नाही. तथापि कोणी कोणाला विचारायचे, कोणता कागद कोणाच्या सहीने पुढे जायचा, कोणती माहिती कोणाजवळ राहायची, या गोष्टी जशाच्या तशा राहतात.

डिजिटल परिवर्तनात नेमके हेच बदलते. माहिती अंकरूपात आल्यामुळे ती एका टेबलावर अडून राहण्याची गरज उरत नाही. तेव्हा कामाचा क्रम, निर्णयाचा अधिकार आणि पुरवठादार-ग्राहक यांचे परस्परसंबंध नव्याने मांडता येतात. ‘मांडता येतात’ असे म्हटले आहे, ‘मांडले जातात’ असे नव्हे. कारण ही केवळ शक्यता असते, आणि ती प्रत्यक्षात आणावयाची की नाही हे यंत्र ठरवीत नाही. अमेरिकन व्यवस्थापनतज्ज्ञ मायकेल हॅमर यांनी १९९० मध्ये याच मुद्द्यावर उद्योगजगताला सावध केले होते. निरर्थक झालेल्या कार्यपद्धती संगणकावर चढविण्याऐवजी त्या मुळातून मोडून टाकाव्यात, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता.

एखाद्या व्यवसायात यांपैकी काय घडले हे ओळखण्यासाठी एक साधा प्रश्न पुरतो. नवे साधन येण्यापूर्वी एखादी गोष्ट जाणून घेण्यासाठी ज्या माणसाच्या दारात उभे राहावे लागत होते, त्याच दारात आजही उभे राहावे लागते काय? उत्तर ‘होय’ असेल तर ते उन्नयन आहे, मग यंत्राची किंमत कितीही असो.

विजेच्या मोटारीचा पूर्वानुभव

हा प्रश्न संगणकाबरोबर प्रथमच उपस्थित झाला असे नाही. आर्थिक इतिहासकार पॉल डेव्हिड यांनी १९९० मध्ये अमेरिकेतील कारखान्यांच्या विद्युतीकरणाचे उदाहरण याच संदर्भात मांडले. तेथे विद्युतनिर्मितीची केंद्रे १८८० च्या दशकाच्या प्रारंभी सुरू झाली. परंतु १९०० च्या सुमारास कारखान्यांतील यांत्रिक शक्तीपैकी ५ टक्क्यांहूनही कमी शक्ती विजेच्या मोटारींतून मिळत होती. ज्यांनी मोटार घेतली, त्यांपैकीही बहुतेकांनी वाफेच्या इंजिनाच्या जागी एक मोठी मोटार बसविली आणि छताखालचा लांब शाफ्ट व त्यावरून प्रत्येक यंत्रावर उतरणारे पट्टे तसेच ठेवले. यंत्रांची मांडणी शाफ्टच्या सोयीने होत असे, कामाच्या ओघाने नव्हे. प्रत्येक यंत्राला स्वतंत्र मोटार मिळून शाफ्ट निघाला, तेव्हा इमारतीची रचना बदलली, माल पुढे सरकण्याचा क्रम बदलला आणि १९२० च्या दशकात उत्पादकतेत मोठी वाढ दिसून आली. म्हणजे लाभ पदरात पडण्यास सुमारे चार दशके लागली. शाफ्ट आणि पट्ट्यांवर चालणारे जुने वर्कशॉप ज्यांनी पाहिले आहे, अशा कोल्हापूरच्या जुन्या कारागिरांना यातील मर्म समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. मोटार नवी आणि शाफ्ट जुना, ही स्थिती आजच्या कार्यालयांतही दिसते. फक्त आजचा शाफ्ट लोखंडाचा नसून सह्या-शिक्क्यांचा असतो.

इचलकरंजी : माग बदलला, करार राहिला

इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी सुरू केला आणि तत्कालीन जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या प्रोत्साहनाने तेथील वस्त्रव्यवसाय वाढला. या व्यवसायाच्या दृष्टीने १ एप्रिल १९९९ ही तारीख महत्त्वाची आहे. त्या दिवसापासून केंद्र शासनाची वस्त्रोद्योगासाठीची तंत्रज्ञान-उन्नयन निधी योजना लागू झाली. कर्जावरील व्याजाचा काही भार शासनाने उचलण्याची तीत तरतूद होती. २०१६ मध्ये तिचे सुधारित रूप आले व त्याची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. योजनेचे नाव अगदी प्रामाणिक होते. तिने उन्नयनाचे आश्वासन दिले आणि उन्नयनच केले. धोट्याच्या साध्या मागाजवळ रॅपिअर आणि एअरजेट माग आले, कापडाचा पन्हा वाढला, दोष घटले, निर्यातीच्या प्रतीचे कापड येथे विणले जाऊ लागले.

परंतु इचलकरंजीच्या व्यवसायाचा कणा असलेला ‘खर्चीवाला’ यंत्रमागधारक कोणत्या करारावर काम करतो, याला या योजनेने स्पर्श केला नाही. खर्चीवाल्याजवळ माग असतात, पण सूत नसते. व्यापारी त्याला बिमे देतो, विणलेले कापड परत नेतो आणि मजुरी पिकाच्या हिशेबाने ठरते. कापडाला बाजारात काय भाव मिळाला, पुढील महिन्यात कोणत्या प्रतीला मागणी येणार आहे, ही माहिती व्यापाऱ्याकडे असते. साध्या मागाचा मालक तिच्याविना जसा काम करीत होता, तसाच कर्ज काढून बिनधोट्याचे माग घेतलेला मजुरीवरचा मालकही करतो; फरक इतकाच की साधा माग मंदीत बंद ठेवता येत होता, कर्जावरील माग बंद ठेवला तरी हप्ता चालूच राहतो. नव्या मागावर बसविलेला नियंत्रक माग किती वेळा थांबला, ताण्याचा धागा तुटून थांबला की बाण्याचा, याची नोंद ठेवू शकतो. अशा नोंदींच्या आधारे आपल्या शेडची कार्यक्षमता सिद्ध करून अनेक मागधारकांना एकत्रितपणे थेट खरेदीदाराशी बोलणी करता आली असती. तथापि हे आकडे पाळी संपताना जॉबरच्या वहीत उतरवून घेण्यापलीकडे त्यांचा उपयोग होत नसेल, तर महागड्या यंत्राने वहीचेच काम केले असे म्हणावे लागेल.

वारणा : एका मोठ्या प्रयोगाचा बोध

या विषयाचे सर्वांत बोलके उदाहरण याच जिल्ह्यातील आहे. पन्हाळा तालुक्यातील वारणानगर येथे तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला सहकारी समूह १९९८ मध्ये राष्ट्रीय पातळीवरील एका प्रकल्पासाठी निवडला गेला. तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या शासनाने त्याच वर्षी माहिती-तंत्रज्ञानाविषयी राष्ट्रीय कृतिदल नेमले होते, आणि त्याच्या विचारातून ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प आकारास आला. कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील वारणा खोऱ्यातील ७० गावे त्यात होती. सुमारे अडीच कोटी रुपयांच्या खर्चापैकी निम्मा केंद्र शासनाने, ४० टक्के राज्य शासनाने आणि उर्वरित १० टक्के वारणा समूहाने उचलावयाचा होता. गावोगावी ५४ माहिती केंद्रे उघडली गेली.

प्रकल्पाची घोषित उद्दिष्टे विशाल होती. पिकांविषयी सल्ला, बाजारभाव, आरोग्य, शिक्षण, शासकीय योजना अशी सर्व माहिती शेतकऱ्यास गावातच मिळावी, अशी कल्पना होती. प्रत्यक्षात केंद्रावरील संगणक मुख्यत्वे एकाच कामासाठी वापरात राहिला, आणि ते काम म्हणजे उसाचा व्यवहार. आपला किती ऊस कारखान्यात गेला, किती टन भरला, खते किती उचलली, तोडणीची परवानगी निघाली का, बिलाचे किती झाले, हे शेतकरी केंद्रावर येऊन विचारीत व चालक त्यांना छापील चिठ्ठी देत असे.

वरवर पाहता हे अपयश वाटेल, आणि पुष्कळ टीकाकारांनी ते तसे मानलेही. परंतु याकडे दुसऱ्या बाजूनेही पाहता येते. ऊस उत्पादकाच्या दृष्टीने वजनाचा आकडा ही किरकोळ बाब नव्हे. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात उभा असतो. दीड वर्षाच्या कष्टाचा हिशेब काट्यावरील काही क्षणांत होतो, आणि त्या वेळी शेतकरी बहुधा तेथे हजर नसतो; ट्रॅक्टरवाला असतो. ती पावती हाती येण्यासाठी पूर्वी गट कार्यालयाकडे किंवा कारखान्याकडे हेलपाटे घालावे लागत. ही माहिती गावात आली, त्यामुळे एक दार कमी झाले. पीकसल्ला किंवा आरोग्यविषयक माहितीच्या मागे मात्र असा कोणताही चालू व्यवहार नव्हता. ती भरण्याची, अद्ययावत ठेवण्याची जबाबदारी कोणाच्या रोजच्या कामाचा भाग नव्हती. म्हणून ज्या माहितीला व्यवहाराचा आधार होता ती टिकली आणि जिला नव्हता ती पहिल्या उत्साहानंतर ओसरली.

याच्या पुढचा टप्पा अधिक उद्बोधक आहे. काही वर्षांत संगणक जुने झाले, त्यांची देखभाल महाग पडू लागली, दूरध्वनीवरील जोडणीही बेभरवशाची होती. २००६-०७ च्या सुमारास बंगळूर येथील मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या संशोधकांनी या केंद्रांचा प्रत्यक्ष वापर तपासला. संगणकाकडून घेतले जाणारे काम इतके मर्यादित आहे की ते साध्या मोबाइलवरूनही होऊ शकेल, असे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी ७ गावांत सुमारे ८ महिने असा प्रयोग केला. कारखान्याकडील संगणकाला एक फोन जोडला गेला व गावातील चालक एसएमएस पाठवून माहिती मागवू लागला. शेतकऱ्यालाही स्वतःच्या फोनवरून तीच माहिती मागविता येत होती, आणि त्यासाठी केंद्र उघडे असण्याची वाट पाहावी लागत नव्हती. प्रयोगाचे नावच ‘वारणा अनवायर्ड’ असे होते. रूढ अर्थाने ही तंत्रज्ञानाची पीछेहाट होती, कारण मोठ्या पडद्याच्या संगणकाऐवजी काही अक्षरांचा संदेश आला होता. तरीही व्यवहाराच्या दृष्टीने ती पुढची पायरी ठरली, कारण विचारणारा आणि माहिती यांच्यामधील आणखी एक माणूस गळाला. साधन खालच्या दर्जाचे आणि बदल वरच्या दर्जाचा, असे उदाहरण क्वचितच इतके स्पष्ट मिळते.

या अभ्यासातील एक संशोधक केंटारो तोयामा यांनी पुढे २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे मत मांडले की तंत्रज्ञान समाजात मुळात असलेल्या प्रवृत्ती व क्षमता वाढवून दाखविते. नसलेले निर्माण करीत नाही. वारणेत मुळात एक शिस्तबद्ध सहकारी यंत्रणा होती, सभासदांच्या नोंदी होत्या, काटा होता. तिथे माहितीचा प्रवास जलद झाला. परंतु तोडणीचा क्रम कोणी ठरवायचा, हा प्रश्न संगणकानेही सोडविला नाही आणि मोबाइलनेही नाही. तो त्यांना विचारलाच गेला नव्हता.

दूध संस्थेतील काटा

उसापेक्षा दुधाचा व्यवहार लहान, पण रोज दोनदा होणारा. कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ, म्हणजेच ‘गोकुळ’, १९६३ मध्ये स्थापन झाला व त्याच्याशी गावोगावच्या प्राथमिक संस्था जोडल्या गेल्या. दुधाचा दर फॅट आणि एसएनएफवर ठरतो. पूर्वी नमुना काढून, ॲसिड घालून, यंत्रात फिरवून सचिव फॅट काढीत व वहीत लिहीत. दूध घालून घरी गेलेल्या बाईला आपली फॅट किती लागली हे नंतर कळे आणि त्यावर वाद घालण्यास नमुना शिल्लक नसे. इलेक्ट्रॉनिक तपासणी यंत्र व त्याला जोडलेला काटा आल्यानंतर वजन, फॅट आणि दर त्याच क्षणी पडद्यावर येतात व चिठ्ठी हाती पडते. वाद घालावयाचा तर तो किटली हातात असतानाच घालता येतो.

एका लहानशा यंत्राने येथे जे घडविले ते वर सांगितलेल्या कसोटीवर परिवर्तनच ठरते. मात्र तेच यंत्र, तोच पडदा सचिवाच्या बाजूला वळवून ठेवला आणि चिठ्ठी देणे बंद केले, तर ते पुन्हा निव्वळ उन्नयन होते. यंत्राच्या माहितीपत्रकात पडद्याची दिशा दिलेली नसते.

ओतकाम आणि बाहेरून येणारा बदल

शिवाजी उद्यमनगरातील वर्कशॉपांनी शेतीपंपांच्या तेल-इंजिनांची दुरुस्ती करता करता ती इंजिने बनविण्यापर्यंत मजल मारली, आणि त्याच कौशल्यातून पुढे जिल्ह्यातील ओतकाम व्यवसाय विस्तारला. या व्यवसायातील परिवर्तनाची प्रेरणा बहुधा ग्राहकाकडून आली आहे. वाहन उद्योगाला केवळ चांगले ओतीव भाग नको असतात. सदोष निघालेला भाग कोणत्या दिवशीच्या, कोणत्या हीटमधील धातूचा आहे, हे मागे जाऊन शोधता यावे अशी त्याची अपेक्षा असते. कपोला काढून इंडक्शन फर्नेस बसविणे हे उन्नयन. हीटचा क्रमांक, धातूचे रासायनिक पृथक्करण, वाळूची चाचणी आणि नापास मालाची नोंद एका साखळीत गुंफणे हे परिवर्तन. दुसरे काम पहिल्यापेक्षा स्वस्त असूनही अवघड जाते. मालात छिद्रे का पडली याचे उत्तर पूर्वी अनुभवी मिस्त्रीच्या अंदाजात होते आणि त्या अंदाजाला कारखान्यात मान होता. तोच अंदाज आकड्यांच्या रूपाने मांडून सर्वांसमोर तपासला जाणे मिस्त्रीला आवडेलच असे नाही, आणि मालकालाही नापास मालाचा खरा आकडा नेहमीच पाहावासा वाटतो असे नाही.

बाहेरून आलेल्या बदलाचे दुसरे उदाहरण करप्रणालीचे आहे. वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ पासून लागू झाला. ई-इन्व्हॉइसची सक्ती प्रथम मोठ्या उद्योगांना होती. ती टप्प्याटप्प्याने खाली येत १ ऑगस्ट २०२३ पासून वार्षिक ५ कोटी रुपयांहून अधिक उलाढाल असलेल्या व्यावसायिकांपर्यंत पोहोचली. यात बिल कोणत्या संगणकावर तयार केले याला महत्त्व नाही. शासकीय पोर्टलवरून क्रमांक मिळाल्याशिवाय ते वैध होत नाही, म्हणजे बिल पूर्ण होण्याची जागाच दुकानाबाहेर गेली. अनेक लहान कारखानदारांनी याकडे ‘सॉफ्टवेअर बदलावे लागले’ इतक्याच दृष्टीने पाहिले. महिनाअखेरीस बिले जुळवून घेण्याची जुनी सवय त्यामुळे मोडली, ही बाब त्यांच्या हिशेबनीसांनी आधी ओळखली.

तोडणीची पाळी

पुन्हा उसाकडे वळले असता, अपुरा राहिलेला भाग स्पष्ट दिसतो. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ नुसार ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांत किंमत देणे बंधनकारक आहे. वजनाचा संदेश शेतकऱ्याच्या मोबाइलवर पाठविण्याची पद्धत अनेक कारखान्यांनी स्वीकारली आहे, आणि काटे ऑनलाइन करावेत ही मागणी शेतकरी संघटनांनी लावून धरली आहे. काट्यानंतरच्या माहितीचा प्रवास याप्रमाणे बराच सुधारला. काट्यापूर्वीचा प्रश्न, म्हणजे माझी तोड केव्हा, हा मात्र अद्याप चिटबॉय, मुकादम आणि गट कार्यालय यांच्या दारात आहे. पाळी लांबली की उसाला तुरा येतो, वजन घटते, खोडव्याचा किंवा पुढच्या पिकाचा हंगाम साधत नाही. पाळी लवकर यावी म्हणून टोळीला आणि वाहनचालकाला द्यावी लागणारी ‘खुशाली’ याच अनिश्चिततेवर पोसली जाते.

लागणीची तारीख, जात, क्षेत्र आणि गट क्रमांक हे सर्व नोंदणीच्या वेळीच संगणकात जाते. त्यांवरून पाळीपत्रक तयार करून ते प्रत्येक सभासदास पाहता येईल असे ठेवणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. अडचणी आहेत व त्या खऱ्या आहेत. टोळ्या कमी येतात, अवकाळी पावसाने वाटा बंद होतात, पाणंदीत ट्रॅक्टर उतरत नाही, एखाद्या प्लॉटचा उतारा अजून भरलेला नसतो. त्यामुळे क्रम रोज थोडाफार हलणारच. अशा वेळी क्रमाबरोबर त्यातील फेरबदलाचे कारण आणि तो फेरबदल करणाऱ्याचे नावही नोंदवावे लागेल. हा एक रकाना वाढविण्यास संगणक विभागाला फारसा वेळ लागणार नाही. तो सभासदांना दिसावा की केवळ कार्यालयाला, हे मात्र संचालक मंडळाच्या बैठकीत आणि वार्षिक सर्वसाधारण सभेत ठरावयाचे आहे.